आधी फियाट!

जुन्या मोटारींचा नाद म्हणजे राजेरजवाड्यांचा आणि गिरणीमालकांचा नाद, अशी आपल्याकडे एक समजूत होती. ती तशी निरुपद्रवी होती. हिवाळ्यात मुंबईत जुन्या मोटारींची मिरवणूक निघावी, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एखाद्या रोल्स-रॉइसचे किंवा पॅकार्डचे छायाचित्र यावे, फेटा बांधलेले मालक तिच्या चक्राशी ऐटीत बसलेले असावेत, आणि आपण चहाचा घोट घेऊन पान उलटावे. एवढाच आपला आणि त्या नादाचा संबंध असे. आता तसे राहिलेले नाही. बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी करणारी मुले हल्ली जुनी मोटार घेऊन ती स्वतःच्या हाताने उभी करण्याची भाषा बोलू लागली आहेत. याचे मला मनापासून कौतुक आहे. तक्रार इतकीच, की हा नाद वरच्या माडीवरून खाली उतरताना ती मिरवणूकही बरोबर घेऊन उतरला. ज्या हाताने आयुष्यात पाना धरला नाही त्या हाताला पहिलीच मोटार दुर्मिळ हवी असते, लांबलचक हवी असते, आणि शक्य तर विलायती हवी असते.

या खुळाशी मी आज भांडावयास बसलो आहे. सणासुदीच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण मोटारी आपल्याकडे सणासुदीलाच घेतल्या जातात. तेव्हा भांडणाचा मुहूर्तही हाच. माझे म्हणणे असे की पहिली जुनी मोटार अशी घ्यावी, की जिची नाडी ओळखणारा माणूस आपल्यापासून सायकलच्या टप्प्यात राहतो. आमच्या मुलखात आज अशी मोटार कुर्ल्याची फियाट आहे. पुढे तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, पण घराघरांत ती फियाटच राहिली.

मी अंजूरचा. ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, खाडीच्या अंगाला हे गाव आहे. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेमागे ज्यांची खटपट होती त्या गंगाजी नाइकांचे हे गाव. त्यांच्या घराण्याचा वाडा आणि गणपती यांमुळे ते पूर्वी ओळखले जाई. आता विचाराल तर कोणीही गोदामे दाखवील. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल उतरविण्याची सोय म्हणून आमच्या भातशेतांवर ही गोदामे चढली. २०१७ साली जकात गेली, पण गोदामे काही गेली नाहीत. या गोदामांच्या मागच्या बाजूस, ताडपत्रीखाली, मालकांनी कधीकाळी हौसेने घेऊन ठेवलेल्या जुन्या मोटारी उभ्या असतात. पावसाळ्यामागून पावसाळे त्यांच्यावरून जातात. मी स्वतः आमच्या घरामागच्या पडवीत एक फियाट दीड वर्ष खपून चालती केली असल्यामुळे, अशी एखादी मोटार कोणाच्या डोळ्यांत भरली की तो सल्ला विचारावयास माझ्याकडे येतो. म्हणजे, मनाशी सगळे ठरवून येतो आणि माझी मान तेवढी हलवून मागतो.

यंदा माझा पुतण्याच आला. त्याच्याजवळ दोन वर्षांच्या बोनसची शिल्लक आहे, आणि वहिनींनी आपली एक ठेव मोडण्याची तयारी दाखविली आहे. तेव्हा ही चर्चा हवेतली नाही.

त्याच्या मनात भरली होती एक प्लिमथ. गावाबाहेरच्या एका गोदामामागे ती आहे. सांगाडा भव्य, यात शंका नाही. या जातीच्या अमेरिकन मोटारींची जुळणी १९४७ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात होत असे, तेव्हा ती तशी आमच्या अगदी शेजारची. पण मूळचे सहा सिलिंडरांचे इंजिन कोणी केव्हाच उतरविले आणि जागी कुठल्याशा टेम्पोचे डिझेल इंजिन बसविले. बॉनेटवरचे तारवाचे चिन्ह गेले; त्याची भोके तेवढी उरली आहेत. मागचे दिवे नाहीत, पुढच्या जाळीच्या अर्ध्या पट्ट्या नाहीत, एका बाजूची काच नाही. "काका, किंमत किती कमी सांगतोय बघा! एवढ्यात तर नवी स्कूटरसुद्धा येत नाही," असे पुतण्या मला म्हणाला.

नवशिक्याचा गळा येथेच कापला जातो. जुन्या मोटारीची किंमत म्हणजे विकणारा सांगतो तो आकडा नव्हे. तिच्यावर जे नाही त्याची किंमत आधी मांडावी लागते. इंजिन दुरुस्त होते, पत्रा ठोकून निघतो, गादी शिवून मिळते. परंतु मागच्या दिव्याची लाल काच, दाराची मूळ मूठ, काचेभोवतीची चकचकीत पट्टी, यांना कोणी कारागीर घडवीत नाही, आणि घडवलीच तर त्या एका मुठीच्या पैशांत फियाटची चारही दारे येतात. मग परदेशातून वस्तू मागवावयाची. तिची वाट पाहावयाची. ती आली की कळते, की ती दुसऱ्या वर्षीच्या मॉडेलची आहे. मोटार पडवीत, मालक फोनवर, आणि घरातली माणसे त्या दोघांवर वैतागलेली. अशा अर्धवट सोडलेल्या मोटारी मी आमच्या पंचक्रोशीत पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या दुसऱ्यांदा विकल्या जातात तेव्हा पहिल्यापेक्षा आणखी चार वस्तू कमी झालेल्या असतात.

हे सारे ऐकून पुतण्याने शेवटचे अस्त्र काढले. "पण काका, फियाट म्हणजे टॅक्सी!"

होय, टॅक्सी! आणि म्हणूनच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली जी कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटालियन कंपनीच्या सहकार्याने फियाट निघू लागली. आधीची ती गोलसर, नाक पुढे काढलेली, जिला आपल्या लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. मग १९६४ ची ती चौकोनी चेहऱ्याची डिलाइट. तीच १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सी. सी. चे. गिअरचा दांडा चक्राखाली. शतक बदलता बदलता तिचे उत्पादन थांबले. इतकी वर्षे थोड्याफार फरकाने तीच मोटार निघत राहिली, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांनी परवाना पद्धतीला खुशाल दोष द्यावा. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनीही तो द्यावा. परंतु तो दोष आज दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडला आहे, हे कोणी पाहतच नाही! मोटार बदलली नाही म्हणून तिचे सुटे भाग बदलले नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवर ती हजारोंनी टॅक्सी म्हणून धावली म्हणून ते भाग ढिगांनी बनले, कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर अजूनही जुन्या भागांच्या ढिगातून हवा तो तुकडा निघतो. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा भरून २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी डोळे पुसले. ते ठीकच होते; पण तिला हयातभर चालती ठेवणाऱ्या हातांची आठवण फार थोड्यांना झाली.

आणि प्रतिष्ठेचेच म्हणाल, तर लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाटच घेतली होती. बारा हजारांच्या त्या मोटारीसाठी पाच हजारांचे कर्ज बँकेकडून काढले होते, आणि त्यांच्या मागे ते ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. १९६४ ची ती फियाट आजही दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे. पंतप्रधानांना जी मोटार कमीपणाची वाटली नाही ती आमच्या चिरंजीवांना टॅक्सी वाटते, याला काय म्हणावे!

आता त्या हातांविषयी. आमच्या भिवंडीत एक उस्ताद आहेत, सत्तरी ओलांडलेली. पोरवयात कुर्ल्याला टॅक्सीच्या गॅरेजात राहिले आणि तेथेच शिकले. मोटार सुरू करावयास सांगतात, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवितात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग म्हणतात, तिसऱ्याचा टॅपेट. तिसऱ्याचाच असतो. माझी फियाट करताना त्यांनी मला पहिल्या दिवशी पाना दिलाच नाही. एक खडू दिला. जे काढशील त्याच्यावर आणि जेथून काढशील तेथे खूण कर, म्हणाले. डिस्ट्रिब्युटर उतरविण्याआधी तर तीन-तीनदा खूण पाहावयास लावली. ती खूण नसेल तर बसविताना ठिणगी भलत्या वेळी पडते आणि मोटार सुरू न होता नुसते फटाके फोडते. पॉइंटमधील फट मला लावावयास सांगितली, आणि फीलर गेज हातात देऊन स्वतः बिडी ओढीत समोर बसले. मोटार चालू होईना. ते काही बोलेनात. संध्याकाळी कधीतरी ती एकदाची सुरू झाली, तेव्हा ते उठले आणि नमाजाला निघून गेले. पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत, चित्रफितीही पाहतो. पण समोर बसून गप्प राहणारा गुरू त्यांत मिळत नाही.

या उस्तादांची मुले मोटारीच्याच धंद्यात आहेत. पण त्यांच्या मोटारींना कार्बुरेटर नाही. संगणक जोडतात, पडद्यावर दोष उमटतो, सुटा भाग बदलतात. त्यात गैर काहीच नाही. पोट त्यातच आहे. परंतु फियाटची विद्या त्यांना नको आहे, कारण तिचे गिऱ्हाईक उरलेले नाही. ती घ्यावयाची तर माझ्या पुतण्यासारख्या हौशी पोरांनीच घेतली पाहिजे, आणि उस्तादांचे डोळे शाबूत आहेत तोवर घेतली पाहिजे. प्लिमथ आणखी वीस वर्षांनी घेता येईल, लोखंड थांबते. उस्ताद किती दिवस थांबणार? माझ्या भांडणाचे खरे कारण हे आहे. पैशांचे गणित दुय्यम.

दुसऱ्या मोटारींवर माझा राग नाही. अँबॅसॅडर भली मोटार. उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत ती निघत होती, सुटे भागही मिळतात. ज्याच्या ओळखीत अँबॅसॅडरचा मिस्त्री असेल त्याने ती अवश्य घ्यावी. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड दिसावयास देखणी. तिला वेगळी चासी आहे आणि पुढचे सबंध तोंडच वर उचलले जाते, तेव्हा इंजिनापाशी बसून काम करणे सोपे. पण तिचे भाग शोधता शोधता चपला झिजतात. महिंद्राची जुनी जीप तर पोराटोरांनीही उघडावी इतकी साधी. फक्त तिच्यात आजीला बसवून दर्शनाला नेता येत नाही, आणि आमच्या घरी हा मुद्दा निर्णायक आहे.

फियाट घ्यावयाची म्हणजे डोळे झाकून घ्यावयाची नव्हे. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. म्हणून रंगावर भाळू नये. दारांखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, बॅटरीखालची तबकडी, जॅक लावावयाच्या जागा, येथे गंज आहे की नाही ते पाहावे. खिशात एक लोहचुंबक न्यावे. चांगल्या पत्र्याला ते चिकटते. वर पुट्टी थापलेली असेल तेथे सटकन खाली पडते. आमच्या खाडीकाठच्या हवेत तर आतून पोखरलेली आणि बाहेरून नवरीसारखी नटलेली मोटार पदोपदी भेटते. इंजिनाच्या तेलाचे झाकण उघडून आतला भाग पाहावा; दह्यासारखा पांढरा साका असेल तर तेलात पाणी जात आहे असे समजावे. मागून निळा धूर येत असेल तर इंजिन तेल पीत आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून वरून-खालून दोन्ही हातांनी हलवावे. खटका लागला तर बहुधा किंगपिन झिजली असेल. यातले इंजिनाचे आणि किंगपिनचे दोष असले तरी मी मोटार नाकारीत नाही, किंमत पाडून घेतो. ती कामे शिकण्याचीच आहेत. सांगाड्याचा गंज मात्र पहिल्या खेपेस नको. तेथे वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात मोटार जाते आणि आपण नुसते बिल देणारे उरतो.

त्याहून कडक परीक्षा कागदांची. तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याने मला एकदा फार सुंदर मोटार दाखविली होती. नोंदणीपुस्तक मागितले तर त्यांनी ते दिले. चासीवरचा क्रमांक मी खडूने घासून वाचला तर तो पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळेना. "अहो, आपल्यात एवढं कोण बघतं?" असे ते हसून म्हणाले. मी चहा न घेता उठलो. १९८९ पूर्वीची तीन अक्षरी पाटी असलेल्या मोटारींच्या बाबतीत आणखी एक पाहावे लागते. त्यांपैकी कित्येकींची नोंद परिवहन कार्यालयाच्या संगणकात चढलेलीच नसते, ती आधी चढवून घ्यावी लागते. मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या लागतात, आणि एक वारस हमखास दुबईला असतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण; ते झाले आहे का, कर भरला आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता कागदावर वाचावे. कागद नसलेली मोटार फुकट मिळाली तरी ती भंगारच समजावी.

आता गुंतवणूकवाले. जुनी मोटार घेऊन ठेवा, भाव चढेल, असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक लग्नात भेटतात. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी वेगळा नियम केला तेव्हापासून त्यांना फारच जोर आला आहे. त्या नियमाने अशा मोटारीला 'व्ही. ए.' अक्षरांची निराळी पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. पण पाटीबरोबर येणारी अट हे गृहस्थ सांगत नाहीत. मोटार मूळ रूपात असली पाहिजे, आणि ती रस्त्यावर काढावयाची ती प्रदर्शन, मिरवणूक, अभ्यास, फार तर पेट्रोल भरणे यांसाठीच; रोजच्या वापराला नाही. म्हणजे टेम्पोचे इंजिन घातलेली ती प्लिमथ त्यात बसणे कठीण, आणि जी बसेल ती भाजी आणावयास नेता येणार नाही. ज्याच्याकडे चार मोटारी आहेत त्याला हे चालेल. नवशिक्याने मात्र मोटार रोज चालविली पाहिजे, कारण दोष चालविताना कळतात. साध्या नोंदणीची, थोडी अलीकडची, १९८० नंतरची पद्मिनी त्याला बरी.

आणि हे गुंतवणूकवाले मोटार घेऊन करतात काय? ढाब्याच्या दाराशी उभी करतात. तिच्यावर कुंड्या ठेवतात. परवा एका मंगल कार्यालयात मी एका फियाटच्या पोटात आइस्क्रीमची पेटी पाहिली. मुलांनी मजेत आइस्क्रीम खाल्ले; मला ते घशाखाली उतरेना.

दुसरीकडे अस्सलपणाचे सोवळे पाळणारेही आहेत. एकही नळी, एकही वायसर बदलू नका, म्हणतात. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात सर्रास वीस टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला खाते, हवेतली ओल ओढून टाकीला आतून गंजविते. फियाटच्या काळच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा या पेट्रोलासाठी केलेलेच नाहीत. ते बदलले पाहिजेत, मग कोणी बाटली म्हणो की विटाळली म्हणो. पेट्रोल गळून पडवी पेटण्यापेक्षा ते बरे. सोवळे जाळी, दिवे आणि रंग यांच्या बाबतीत पाळावे. तेथे मीही कडवा आहे. पद्मिनीला लाल-पिवळे पट्टे ओढणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

राहता राहिल्या वहिनी. त्यांचा आक्षेप वेगळाच होता. मोटार उघडली म्हणजे तिचे भाग घरभर पसरणार, ऑइलचे डाग अंगणातल्या रांगोळीच्या जागेवर पडणार, आणि पोरगा रविवारी घरी असून नसल्यासारखा होणार. यांपैकी एकही गोष्ट मला खोडता आली नाही. मी इतकेच म्हणालो, की प्लिमथ आणली तर हे दहा वर्षे चालेल आणि फियाट आणली तर दीड वर्ष. त्यावर त्या बराच वेळ चकल्यांच्या सोऱ्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, ती फियाट कुठं आहे म्हणालात?"

ती कल्याणला आहे. एका निवृत्त शिक्षकांची, एकहाती वापरलेली, कागद घरातल्याच पेटीत, दिवे आणि जाळी जागच्या जागी. इंजिन तेल पिते, गिअरचा दांडा सैल आहे. पाडव्याला आम्ही पाहावयास जाणार आहोत. मालकांना मी बजावून ठेवले आहे की आम्ही येईपर्यंत मोटार सुरू करू नका. गार इंजिन पहिल्या किल्लीला कसे उठते ते पाहावयाचे आहे. उस्तादांना बरोबर नेतो आहे, आणि त्यांची त्या दिवसाची मजुरी पुतण्याने स्वतःच्या बोनसमधून आदल्या रात्रीच देऊन टाकावी, असे मी त्याला सांगितले आहे. म्हणजे मोटार घेऊ नका म्हणावयास त्यांना संकोच वाटणार नाही.